तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना घरी कोणता प्रयोग द्यावा?

सुट्टी लागली की पालक हमखास विचारतात, ‘घरच्या घरी करता येईल असा, धोका नसलेला एखादा प्रयोग सांगा ना.’ प्रयोग निवडताना मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तो पार फसला, सांडला, चुकून तोंडात गेला, तर जास्तीत जास्त काय होईल? आणि मुलाला त्यात स्वतःहून काही बदलून बघता येतं का? नुसता फेस वर आला आणि टाळ्या पडल्या, तर ती करमणूक झाली.

या दोन्ही कसोट्यांवर माझी पहिली पसंती हळदीच्या कागदाला. एक चमचा हळद दोन चमचे पाण्यात कालवून टिपकागदावर किंवा जाड टिश्यू पेपरवर पातळ फासा. सावलीतच वाळवा, कारण उन्हात हळदीचा रंग उडतो. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. वेगवेगळ्या वाट्यांत लिंबाचा रस, मिठाचं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, कपड्याच्या साबणाच्या वडीचं पाणी आणि पाण्यात कालवलेला शाम्पू घ्या. प्रत्येक वाटीला कापूस गुंडाळलेली वेगळी काडी हवी. एकच काडी सगळीकडे बुडवली की निकालांची खिचडी होते, आणि बहुतेक घरांत घोळ होतो तो इथेच. थेंब टाकण्याआधी मुलाला अंदाज वहीत लिहायला लावा.

साबणाने पट्टी तांबडी होते. सोड्याने मात्र जेमतेम नारिंगी झाक येते, आणि ‘फसला’ म्हणून प्रयोग तिथेच गुंडाळला जातो. तो फसलेला नसतो. हळद रंग बदलते साधारण 7.4 ते 8.6 सामूच्या (pH, म्हणजे द्रव किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप; आकडा जास्त तितका द्रव अल्कधर्मी) दरम्यान आणि सोड्याचं पाणी असतं 8.3च्या आसपास, म्हणजे बदल पुरता व्हायच्या आतच. शाम्पूने बहुधा काहीच होत नाही. साबणाची वडी अल्कधर्मी असते, बहुतेक शाम्पू तसे नसतात. लिंबाचा थेंब पिवळ्या पट्टीवर वाया जातो, पण तोच तांबड्या डागावर टाका, पिवळा रंग परत येतो. हे उलटसुलट करण्यात मुलं तासभर रमतात.

सगळ्यात झकास लाल रंग खायच्या चुन्याने येतो. हळदीला चुना लावूनच तर घरोघरी कुंकू करत. तरीही चुना मुलांच्या हाती देऊ नका. पुडी दाबताना फुटून चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजतं. तसं झालंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञ गाठा.

दुसरा प्रयोग फुग्याचा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत 90 मिली व्हिनेगर, फुग्यात नरसाळ्याने एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, खायचा सोडा. फुगा बाटलीच्या तोंडाला घट्ट बसवा आणि मगच उचलून सोडा आत पाडा. क्रम चुकला तर अर्धा वायू आधीच निसटतो. फुगा मरगळलेला राहिला तर डबा तपासा, बेकिंग पावडर घेतली असेल; तिच्यात स्टार्च आणि आम्ल मिसळलेलं असतं, त्यामुळे वायू कमी सुटतो. पुढच्या वेळी सोडा निम्मा करून बघू द्या. बाटलीला झाकण मात्र कधीही लावायचं नाही. एवढ्या सोड्यातून सव्वा ते दीड लिटर वायू निघतो, बंद बाटली फुटू शकते. घरात तान्हं मूल असेल तर फुटक्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, ते घशात अडकतात.

व्हिडिओत दिसणाऱ्या काही गोष्टी सरळ नाकारा. पाण्यावर पळणारी कापराची होडी छान दिसते, पण कापूर गिळला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन सुटतो, म्हणून साफसफाईच्या बाटल्या प्रयोगाच्या टेबलावर नकोतच.