तुम्ही विचारलंत म्हणून: चुन्याची निवळी (चुना विरघळलेलं नितळ पाणी) तापवल्यावर गढूळ का होते?

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, मग चुनाच उलटा का? दरवर्षी कोणीतरी विचारतंच. आता माजी विद्यार्थी स्वतःच्या मुलांसाठी फोन करतात. माझं ठरलेलं उत्तर: चुना विरघळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवलं की समतोल मागे सरकतो, विरघळलेला चुना बाहेर पडतो. या उत्तराला मार्क मिळतात. माझं मात्र समाधान होत नाही.

कारण प्रयोगशाळेच्या त्याच कपाटात कॉस्टिक सोडा आहे. तो विरघळताना बीकर हातात धरवत नाही, तरी गरम पाण्यात तो जास्तच विरघळतो! बघायचं असतं ते संपृक्त, म्हणजे आणखी काही मावेनासं झालेल्या, द्रावणात शेवटचा कण विरघळताना काय होतं ते. सुरुवातीचा चटका नव्हे. हे मलाच उशिरा कळलं. आणि कृपा करून कळीच्या चुन्याचा दाखला देऊ नका. पाणी ओतल्यावर खदखदते ती वेगळी अभिक्रिया. फुललेला चुना विरघळताना लिटरभर निवळी ०.१ अंशानेही तापत नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष, प्रात्यक्षिक परीक्षा. एका मुलीने गाळलेली निवळी परीक्षानळीत घेऊन बर्नरवर धरली. आधी धुरकट, मग दुधाळ. तिने लिहिलं, 'उष्णतेमुळे चुना बाहेर पडला.'

"फुंकलीस तू," मी म्हटलं. "निवळी कार्बन डायऑक्साइडनेच दुधाळ होते."

"नाही मॅडम, खरंच नाही."

मी तिच्यासमोर लाल काट मारली. ती काही बोलली नाही. नळी गार होईपर्यंत हातात धरून उभी राहिली.

संध्याकाळी एकटीने निवळी उकळली. फुंकर नाही, काही नाही, तरी दूध. नळाखाली गार करून हलवत राहिले, तर गढूळपणा ओसरला. कार्बन डायऑक्साइडने झालेलं कार्बोनेट असतं तर तसाच राहिला असता. २० अंशांना लिटरमागे १.७३ ग्रॅम चुना विरघळतो, १०० अंशांना ०.६६. हे कोष्टक माझ्याच खणात होतं.

गुण तोवर सीलबंद होऊन गेले होते. तिला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. एवढ्याने तिचं काय बिघडणार, असं तेव्हाची मी म्हणत होते. अजूनही कधीकधी म्हणते.

आता सगळ्यांना नळी गार करून हलवायला लावते. निवळते, पण पुरती नाही. उरलेला धुरकटपणा न विरघळलेल्या चुन्याचा की हवेने धरलेल्या कार्बोनेटचा, हे नुसत्या डोळ्यांनी मला अजून सांगता येत नाही.