लाल रेघ

"सर, पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. मला इथंच कळलं."

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत नवव्या क्रमांकावर एका गणितज्ञाचा ब्लॉग होता. मी सवयीनं लाल रेघ मारली. ब्लॉग हा काय संदर्भ झाला? त्यावर तिचं हे उत्तर. वाद घालायचा सूर नाही, अगदी साधेपणानं.

'नियमात बसत नाही' म्हणून वेळ मारून नेली खरी, पण ते 'इथंच' दिवसभर डोक्यातून जाईना.

२००९ साली टिमोथी गॉवर्स या, फील्ड्स पदक हा गणितातला मानाचा पुरस्कार मिळवलेल्या गणितज्ञानं आपल्या ब्लॉगवर एक प्रश्न मांडला आणि म्हटलं, या, मिळून सोडवू. आलेल्यांत नावाजलेले प्राध्यापक होते, एक शाळामास्तरही होता. दीडेक महिन्यात डेन्सिटी हेल्स-ज्युवेट या गणितातल्या अवघड प्रमेयाची नवी सिद्धता हाताशी आली. पुढं निबंध निघाला तो 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सगळ्यांच्या सामाईक टोपणनावानं. नियतकालिकात छापून यायला मात्र २०१२ उजाडलं.

तोवर कुणी तो ब्लॉग संदर्भ म्हणून दिला असता, तर माझं लाल पेन तिथंही चाललं असतं.

आणि खरं सांगू? तिनं दिलेला ब्लॉग मीही तासाला जाण्याआधी चाळतो. फक्त कुठं लिहीत नाही.

तुम्ही लिहिता?