उलटी बाजू

पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्या छत्रपती संभाजीनगरात उतरले की वेरूळ, अजिंठा, मकबरा आणि नान-कलिया झाल्यावर प्रश्न येतोच, ‘खरी पैठणी कुठं मिळेल हो?’ ‘खरी’वर भलताच जोर. लेण्यांच्या वाटेवर दुकानं भरपूर. तिथं हिमरूची शाल खांद्यावर टाकतात, आरसा पुढे धरतात, ‘ओरिजिनल हँडमेड’ म्हणतात. शंभर शाली अगदी एकसारख्या, तरी सगळ्या हँडमेड! त्या हातांचं कौतुकच करायला हवं.

मी पाहुण्यांना पैठणला नेते. तासाभराचा रस्ता. नाथांच्या वाड्याचं दर्शन होतं, जायकवाडी होतं आणि माग बघून होतो. (पैठणी पैठणची असली तरी आज जास्त माग नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आहेत. पाहुण्यांना हे मी परतीच्या वाटेवर सांगते.)

दुकानदार साडी उलगडतो तो पदर समोर फेकून. विणकर मात्र आधी उलटी करून दाखवतो. ‘ताई, मागून बघा.’ हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदरात मोराच्या गळ्याचा निळा, चोचीचा लाल, पानाचा हिरवा, प्रत्येक रंगाची छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी, वेगळी असते. तेवढ्या जागेपुरता तो धागा फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकून माघारी वळतो. म्हणून मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्रावरच्या साडीत मागे धागे लोंबतात, नाहीतर कापलेले दिसतात. काठ वेगळ्या रंगाचा असेल तर आडवा धागा नेणारे धोटे तीन लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. त्याला कडियल म्हणतात. हे सगळं तो हात न थांबवता सांगतो. आपणच तिल्ल्या मोजायला जातो आणि चुकतो.

आता कुणी लगेच हिमरू उलटा करून ‘इथं तर धागे मोकळे दिसतात, म्हणजे नकली’ म्हणू नये. हिमरूत सुताबरोबर रेशीम असतं आणि नक्षीचा जास्तीचा धागा मागे मोकळाच सोडतात. त्याची ऊबही त्यातूनच येते. तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हे विणकर इकडे आले असं सांगतात. राजधानी परत गेली, कारागीर राहिले. आज हातमागावर हिमरू विणणारी घरं शहरात शोधावी लागतात. सापडली की चहा घेतल्याशिवाय सुटका नाही.

भाव करणं हा खरा अवघड भाग. आमच्या सासूबाई गुलमंडीवर निम्म्यानं सुरुवात करणाऱ्या. पैठणला मागाशेजारी बसून त्यांनी विचारलं, ‘कमी-जास्त काय करता?’ विणकर म्हणाला, ‘बसा मावशी, बघा जरा.’ त्या बसल्या. बऱ्याच वेळानं पदर नखभर पुढे सरकला असेल. मग त्यांनी मजुरी, रेशीम, जर, सगळा हिशेब तोंडी मांडला, विणकराच्या दोन चुका काढल्या आणि जाहीर केलं, ‘तुम्हाला परवडत नाही हे.’ एक रुपयाही न पाडता साडी घेतली. पण फॉल-पिको फुकट करून घेतलंच.

मला खटकतात ते ‘कला जगली पाहिजे म्हणून घेतो’ म्हणणारे. अहो, आवडली म्हणून घ्या की! माणूस मागावर बसलाय, आयसीयूत नाही. आणि विणकराकडून घेतली म्हणजे वीण चांगलीच, असंही नसतं. पोत सैल असेल तर सरळ सांगावं, त्यांना राग येत नाही, उलट ते दुसरी काढतात. मधल्या व्यापाऱ्याला शिव्या घालणंही सोपं आहे. पण रेशीम उधारीवर तोच देतो, घरात दुखणं निघालं की उचलही तोच देतो. आपण वर्षातून एकदा येणार, सतरा फोटो काढणार आणि ‘घरी विचारून सांगते’ म्हणणार. थेट घ्यायचं तर निदान सांगितलेल्या दिवशी पैसे द्यावेत. आता मागाच्या खांबावरही क्यूआर कोड चिकटवलेला असतो, सुट्या पैशांची सबब चालत नाही.

तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. पैठणीला ते 2010 पासूनच आहे. शिक्का असलेला बरा, पण करणाऱ्याला विचारण्याची सर त्याला नाही. माळेगावच्या यात्रेत घोंगडीवाल्याला ‘टोचते का?’ विचारा. ‘टोचणारच, लोकर हाय ती,’ असं तो सांगेल. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पहिल्यांदा कडकच लागते, वापरून मऊ होते, हेही सांगेल. दुकानात असं कोण सांगतं?

ऑर्डर देऊन करून घ्यायची तर मात्र पंचांग बाजूला ठेवावं. माझ्या मावसबहिणीला लेकीच्या लग्नासाठी मोरांचा भरगच्च पदर हवा होता, तोही महिन्याभरात. मी फोन लावून दिला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘ताई, काम सहा महिन्यांचं हाय. बघा, तारीख पुढं ढकलता येती का.’

ती रागावली. मुलीनं मात्र विचारलं, ‘मग डोहाळजेवणाला मिळेल का?’