तारा लांब केल्या, ओढ उतरली

माझं कंट्रोल-लाइन विमान, म्हणजे तारांना बांधलेलं आणि मध्ये उभं राहून हातातल्या हँडलने गोल उडवायचं छोटं विमान, मागच्या नोंदीत १६ मीटरच्या तारांवर होतं. आता तारा १८.५ मीटरच्या आहेत. बाकी सगळं तेच: वजन ८५० ग्रॅम, विजेची मोटर, तोच पंखा आणि गव्हर्नरने (फेरे कायम ठेवणारी सोय) बांधलेले मोटरचे फेरे. तारा बदलल्या त्या चक्कर फार लवकर संपायची म्हणून. ४.८ सेकंदांत विमान पुन्हा समोर, आणि आपण मध्ये उभे गरगरतोय.

नाशिकच्या पेठ रोडच्या माळावर एक काका येतात, ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून, निवृत्त झालेले. नवी गुंडाळी पाहून म्हणाले, "एवढ्या लांब तारा? खांदा उखडेल रे तुझा."

"उलट होईल काका, ओढ कमी होईल."

"लाव मिसळीची पैज!"

मिसळ कुणी द्यायची यावर अजून वाद आहे, कारण दोघांचंही बरोबर आहे. विमानाला गोलात ठेवायला लागणारी ओढ म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. मोबाइलवर चित्रण करून, दहा चकरांचा वेळ मोजून भागाकार केला. १६ मीटरवर ४.८ सेकंद म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २१ मीटर आणि ओढ जवळपास २.४ किलो. १८.५ मीटरवर चक्कर ५.६ सेकंदांची झाली. वेग जवळजवळ तोच राहिला, कारण तो पंखा आणि मोटर ठरवतात. तारांना हवेचा अडथळा वाढला म्हणून किंचित उतरला इतकंच. ओढ आली २ किलोवर.

काकांच्या डोक्यात मात्र चकरेचा वेळ कायम होता. १८.५ मीटरवरही ४.८ सेकंदांतच फिरवायचं म्हटलं तर वेग २४ च्या वर न्यावा लागतो आणि ओढ पावणेतीन किलोच्या घरात जाते. तेव्हा "लांब तार म्हणजे जास्त ओढ की कमी" असं कुणी विचारलं, तर आधी त्याला विचारा: वेग धरलायस की वेळ?

खरी परीक्षा डोक्यावर. सपाट चकरेत विमानाचं वजन पंख उचलतात. पण विंगओव्हर करताना, म्हणजे विमान डोक्यावरून पलीकडे नेताना, ते बरोबर माथ्यावर आलं की वजन खाली, म्हणजे आपल्याच दिशेला असतं. गोलात वळवण्याचं थोडं काम तेच करतं आणि तारेच्या वाट्याला उरलेलं येतं. त्यात चढताना वेगही पडतो. माथ्यावर वेग १७ धरला तर जुन्या तारांवर ओढ ७०० ग्रॅम राहायची, आता ५०० च राहते. वेग १३.५ च्या खाली गेला तर माथ्यावर तारा ढिल्या, आणि ढिल्या तारेतून एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) काहीच सांगता येत नाही. जुन्या तारांवर हीच मर्यादा १२.५ होती. म्हणजे मनगटाला आराम मिळाला, पण माथ्यावरची शिल्लक घटली. मला हा सौदा तसा महागच वाटतो.

वाऱ्याचंही तसंच. पावसाळ्याआधीचा पश्चिमेचा वारा सुटला की विमान पश्चिमेला असताना वारा त्याला आपल्याकडे ढकलतो. म्हणून सगळ्या कसरती वारा पाठीवर घेऊन, पूर्वेच्या बाजूलाच. थंडीतल्या सकाळी ही चिंता नसते, पण संक्रांतीच्या आसपास माळावर मांजा पसरलेला असतो. ते दिवस मी सोडूनच देतो.

लांबीबरोबर दोन जागी हात घालावा लागला. लांब तारा हवेने मागे जास्त वाकतात, म्हणून आतल्या पंखाच्या टोकाची लीडआउटची (पंखातून बाहेर येणाऱ्या, तारा जोडायच्या टोकांची) पट्टी ६ मिलिमीटर मागे सरकवली. तारांचं वजनही वाढलं, तेव्हा बाहेरच्या टोकाच्या डबीत ३ ग्रॅम शिसं घातलं. आता सपाट चकरेत दोन्ही पंख एका पातळीत दिसतात.

नव्याने येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तार तुटली तर विमान बाहेरच्या बाजूला फेकलं जात नाही. सुटलेल्या गोफणीतल्या दगडासारखं ते त्या क्षणी जिकडे तोंड होतं तिकडे सरळ निघतं, आणि ते चकरेत कुठेही घडू शकतं. म्हणून बघे सगळे लांबच हवेत, "मागे उभे आहोत" चालत नाही. उडवण्याआधी विमानाच्या वजनाच्या दहापट, माझ्या बाबतीत साडेआठ किलो, ओढ हँडलपासून विमानापर्यंत देऊन बघा. हँडल हातातून सुटलं तरी अडकून राहावं म्हणून मनगटाला दोरी हवीच. आणि विजेच्या तारा जवळ असतील तर तो माळ कितीही चांगला असो, तिथे उडवायचं नाही. आपल्या तारा पोलादाच्या आहेत.

पुढचं काम: मोटरचे फेरे थोडे वाढवून चक्कर ५.३ सेकंदांवर आणायची. ओढ सव्वादोन किलो होईल आणि माथ्यावर थोडी शिल्लक परत मिळेल. बॅटरी पूर्ण कसरतींना पुरते का, हे बघून मग पंखा बदलायचा की नाही ते ठरवेन. कुणी या लांबीवर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे नेणारा) पंखा जास्त फेऱ्यांवर चालवत असेल, तर चकरेचा वेळ आणि विमानाचं वजन दोन्ही कळवा.