ड्रिफ्टलेसच्या टेकड्यांमध्ये माझी पहिली शिकार

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनहून हायवे १४ धरून पश्चिमेला निघालं की क्रॉस प्लेन्सच्या आसपास मुलूख बदलतो. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी विस्कॉन्सिनचा बराचसा भाग रगडून सपाट केला, पण नैर्ऋत्येचा हा कोपरा त्यातून सुटला. म्हणून इथं अरुंद दऱ्या आहेत, माथ्यावर ओकची झाडी आहे, तळाशी मक्याची आणि अल्फाल्फाच्या चाऱ्याची शेतं आहेत. ड्रिफ्टलेस म्हणतात या भागाला. मला हा रस्ता बारा महिने आवडतो, पण नोव्हेंबरच्या उत्तरार्धातल्या एका शुक्रवारी त्याची कळाच वेगळी असते. मॅझोमॅनीचा पेट्रोल पंप घ्या, स्प्रिंग ग्रीनचं किराणा दुकान घ्या, जिकडे बघावं तिकडे भडक नारिंगी टोप्या. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीनं हरणाची शिकार करायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि पाच लाखांहून जास्त लोक परवाना काढून रानात उतरतात. वर्षाच्या रजा लोक या आठवड्यासाठी राखून ठेवतात. यंदा त्यांच्यात मीही होते.

आम्हा कोल्हापूरकरांना शिकार म्हटलं की नवीन राजवाड्यातलं संग्रहालय आठवतं, पेंढा भरलेली ती जनावरं आठवतात. काळविटांच्या शिकारीसाठी संस्थानानं पाळलेल्या चित्त्यांच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. दाजीपूरचं जंगल तेव्हा राजघराण्याचं राखीव रान होतं, १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला लगाम घातला, पुढे ती जवळजवळ पूर्णच बंद झाली, आणि आपल्या जंगलांची आजची अवस्था बघता ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे.

विस्कॉन्सिनची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी इतकी बेसुमार शिकार झाली की अमेरिकेतली हरणं बऱ्याच भागातून नाहीशी झाली होती. मग रानातल्या मांसाची विक्री बंद झाली, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी बांधून दिला. हरणं परतली, पण त्यांना खाणारे लांडगे परतले ते मुख्यतः उत्तरेच्या जंगलात. दक्षिणेच्या शेतीच्या पट्ट्यात हरणं मका-सोयाबीनवर पोसली जातात, ओकची कोवळी रोपं खुडून टाकतात, रात्री गाड्यांसमोर येतात. मॅडिसनच्या विद्यापीठात १९३३ पासून वन्यजीव व्यवस्थापन शिकवणाऱ्या आल्डो लिओपोल्ड यांनी कळप आवरण्यासाठी माद्याही मारायला हव्यात अशी बाजू घेतली, तेव्हा १९४० च्या दशकात लोक त्यांच्यावर तुटून पडले होते. आज त्याच राज्यात परवान्याबरोबर मादीचे टॅग, म्हणजे मादी मारायची परवानगी देणाऱ्या चिठ्ठ्या, मिळतात.

माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांचं रिचलँड काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, शेत आहे. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानं हाक मारते, मनात मात्र ते काकाच. वर्षभरापूर्वी जेवताना मी म्हटलं होतं, "मी लहानपणापासून मटण खाते, पण ते पातेल्यात यायच्या आधीचं काहीच मला येत नाही. शिकवाल का?" त्यांनी बंदुकीचं नावही काढलं नाही. "आधी कोर्स कर," एवढंच म्हणाले.

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही इथं शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी सुरक्षिततेचं शिक्षण घ्यावं लागतं. चार नियम अक्षरशः घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवा. लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. गोळी झाडायच्या क्षणापर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. मग नेमबाजीच्या रेंजवर सराव. काकांनी त्यांची .३०८ रायफल दिली आणि सोबत तांब्याच्या गोळ्या. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात आणि मागे टाकलेल्या आतड्यांत राहतात आणि ती आतडी खायला गरुड येतात, म्हणून शिसं त्यांनी सोडून दिलंय. विस्कॉन्सिन नदीवर हिवाळ्यात बसलेले ते पांढऱ्या डोक्याचे गरुड मला फार प्रिय आहेत. मला हे बेहद्द पटलं.

उन्हाळ्यात आणि शरदात आम्ही नुसते चाललो. ओकची फळं, अकॉर्न, कुठं पडलीत, हरणांची वाट ओढ्याला कुठं मिळते, नरानं शिंगं घासून कोणत्या खोडाची साल काढलीय, हे सगळं काका बोटानं दाखवत. आणि सारखा एकच प्रश्न. समजा, आत्ता या झुडपात हरीण उभं आहे. झाडशील? मी "हो" म्हणाले की पुढचा प्रश्न यायचा, मागे काय आहे? हळूहळू माझी नजर हरणाच्या जागेवरून सरकून आपोआप मागच्या जमिनीवर जायला लागली. मला वाटतं, शिकारीत शिकण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं इथं, कधी झाडायचं नाही यात आहे.

शनिवारी पहाटे कडाक्याची थंडी होती, शून्याखाली सात-आठ अंश. अंगात थरावर थर, वरून नारिंगी जाकीट. कमरेच्या वरचे निदान निम्मे बाहेरचे कपडे नारिंगी किंवा गुलाबी असावेत असा इथला कायदाच आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. मचाण म्हणजे झाडाला बांधलेली शिडी आणि वर छोटी बैठक. वर चढून हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून अंगाला बांधलेला पट्टा, झाडाला अडकवला आणि रिकामी रायफल दोरीनं वर ओढून घेतली. काका पलीकडच्या सोंडेवर त्यांच्या मचाणावर गेले. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून झाडायला परवानगी असते. त्या वेळेला मी गोळ्या भरल्या आणि सेफ्टी लावून बसले.

उजाडताना जंगल केवढा आवाज करतं! वाळलेल्या पानांतून एक खार पळाली तरी वाटतं मोठं जनावर आलं. खाली दरीत सँडहिल क्रौंच ओरडत होते. शेतातून रानटी टर्कींचा थवा शिस्तीत चालत गेला. टर्की या राज्यातून पार संपले होते. १९७६ मध्ये मिसुरीहून आणून ते शेजारच्या व्हर्नन काउंटीत सोडले, तिथून हे पसरले. लांबून कुठून कुठून बार ऐकू येत होते आणि वारा माझ्या तोंडावर होता, म्हणजे माझा वास मागे जात होता. हवा तसाच.

साडेसातच्या सुमारास माथ्यावर नर आला. व्हाइटटेल या इथल्या हरणाच्या जातीत नराची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि दरवर्षी नवी येतात. या पठ्ठ्याची चांगली रुंद, पुढं वळलेली होती. पूर्ण आडवा उभा, अंतर माझ्या आवाक्यातलं. रायफल खांद्याला लावली, दुर्बिणीत तो आला, आणि त्याच्या पोटाखालून मला आकाश दिसलं. मागे माती नव्हती. टेकडीच्या पलीकडे गावाकडे जाणारा रस्ता आहे आणि त्या दिवशी त्या उतारावर आणखी कोण कोण बसलं असेल! सेफ्टी काढलीच नाही. तो हुंगत उभा राहिला, मग सावकाश पलीकडे उतरला. माझं काळीज धडधडत होतं, पण मनात काही कालवाकालव नव्हती. तो माझा नव्हताच.

नऊ वाजून गेल्यावर ओढ्याकडून तीन हरणं वर आली. पुढं मोठी मादी, मागे आणखी एक, आणि त्याच वर्षीचं, आईचं दूध कधीच सुटलेलं एक लहान. मोठी मादी कापलेल्या मक्याच्या कडेला थांबली, साधारण सत्तर-ऐंशी पावलांवर. तिच्या मागे मातीचा उभा चढ होता. पण मधली दुसरी मादी अगदी तिला खेटून उभी होती, गोळी आरपार जाऊन तिलाही लागली असती. मी थांबले. बोटं बधिर होत होती. दुसरी दोन पावलं पुढं सरकली. मोठीनं डोकं खाली घातलं आणि पुढचा पाय टाकला तशी खांद्यामागची जागा मोकळी झाली. तिथं फुफ्फुसं असतात, खाली हृदय. अर्धा श्वास सोडला, चाप दाबला.

मागचे दोन्ही पाय झाडून ती उतारानं पळाली, झुडपात शिरली आणि काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. लगेच उतरायचं नसतं. घायाळ जनावर मागे कुणी लागलं की उठून लांब जातं, शांत सोडलं तर बसतं तिथंच संपतं. अर्ध्या तासानं रायफल रिकामी करून दोरीनं खाली सोडली. काकाही तोवर आले होते. ती उभी होती तिथं तपकिरी केसांचा झुपका पडला होता आणि पुढं ओकच्या पानांवर गुलाबी, फेसाळ रक्त. फेस म्हणजे फुफ्फुसाला लागलं. काकांनी मला पुढं घातलं, स्वतः शेवटच्या थेंबाजवळ उभे राहायचे आणि मी पुढचा शोधायचा. पन्नासेक पावलांवर ती पडली होती. काठीनं डोळ्याला हलकेच स्पर्श करून बघितला, पापणी हलली नाही. मी गुडघ्यावर बसले, तिच्या मानेवर हात ठेवला. अंग ऊन होतं, केस माझ्या अंदाजापेक्षा खरखरीत आणि दाट. मला रडू आलं आणि ते आवरावंसं वाटलं नाही. काका टोपी काढून बाजूला उभे होते.

मग कामाला लागलो, कारण मांस निवायला हवं. तिला पाठीवर घेऊन काकांनी मागचे पाय फाकवून धरले. मी पोटाच्या कातडीखाली दोन बोटं घातली आणि त्या दोन बोटांच्या मधून, पातं वर करून, सुरी बरगड्यांपर्यंत नेली. असं केलं की टोक आतड्यांना लागत नाही. आतडं किंवा मूत्राशय फुटलं तर मांसाला वास धरतो. थंड हवेत आतून वाफांचे लोट आले. छातीचा पडदा कडेकडेनं कापून हात खांद्यापर्यंत आत घातला, श्वासनलिका चाचपून वर कापली आणि खाली ओढली तसं सगळं एकसंध बाहेर आलं. पोट मका आणि अकॉर्ननं गच्च भरलेलं होतं. हृदय आणि कलेजी वेगळ्या पिशवीत ठेवली. कोपरापर्यंत रक्त होतं आणि त्या थंडीत तेवढेच हात उबदार होते.

इथं प्रत्येक हरणाची नोंद होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत काउंटी, नर की मादी, सगळं ऑनलाइन किंवा फोनवर कळवायचं. यातूनच पुढच्या वर्षीचे टॅग ठरतात. दुसरी गोष्ट रोगाची. हरणांच्या मेंदूला होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या राज्यात २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, तोही इथून जवळच, माउंट होरेबच्या परिसरात. आता या काउंट्यांमध्ये तो चांगलाच पसरलाय. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण लागण निघालेलं मांस खाऊ नका असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे, आणि शिजवून हा रोग जात नाही. म्हणून मानेच्या थोड्या भागासकट डोकं पिशवीत घालून, फॉर्म भरून तपासणीच्या पेटीत ठेवलं. तपासणी फुकट असते. कोठारात टांगून कातडं काढलं, पुढचे फरे, मागच्या मांड्या, कण्यालगतचं लांबट मऊ मांस असं सगळं कापून, चिठ्ठ्या लावून फ्रीझरमध्ये टाकलं. निकाल येईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही असं मी घरात बजावून ठेवलं होतं.

निकाल स्वच्छ आला. पहिल्या रविवारी मांडीच्या मांसाचं सुक्कं केलं. हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे आपल्या मटणाच्या सवयीनं केलं तर ते चिवट होतं. दह्या-आल्या-लसणात रात्रभर मुरवलं, तेल हात सैल सोडून घातलं आणि मंद आचेवर झाकण ठेवून बराच वेळ शिजवलं. कांदा-लसूण चटणी आईनं पाठवलेली. कण्यालगतचं मांस मात्र मीठ-मिरी लावून तव्यावर दोन-दोन मिनिटं, बस्स. काका-काकू जेवायला होते. फोनवर आईनं आधी विचारलं, "तिला फार वेळ लागला नाही ना गं?" मग विचारलं, चटणी पुरली का.

इथं राहणाऱ्या कुणाला शिकायचं असेल तर कोर्सची नोंदणी वसंतातच करा, शरद ऋतू आला की वर्ग भरून जातात. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याप्रमाणे बंदूक हाताळण्यासाठी शिकारीचा वैध परवाना हातात असणं हा एक मार्ग आहे, तेव्हा परवाना आधी, बाकीचं नंतर. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे नवख्यांसाठी शिकवणी शिकारीचे कार्यक्रमही असतात, तिथं सोबतीला अनुभवी माणूस दिला जातो. आणि कुणाच्या शेतात जाणार असाल तर ऑगस्टमध्येच जा, कुंपण दुरुस्तीला हात लावा, ओळख करून घ्या. मी येत्या हंगामातही काकांकडेच असेन, त्या माथ्याच्या खालच्या अंगाला, जिथून मागे माती दिसते.