अप्पा आणि डार्लिंग

"उद्या डार्लिंगकडे निघतोय," अप्पा फोनवर आईला म्हणाले. धुळ्यात क्षणभर शांतता. मग, "या वयात?"

डार्लिंग ही ऑस्ट्रेलियातली नदी. जवळपास दीड हजार किलोमीटर लांब. १८२९ साली ब्रिटिश शोधक चार्ल्स स्टर्ट तहानेनं व्याकूळ होऊन तिच्यापाशी पोचला, माणसं धावत पाण्यात उतरली आणि तोंड वेडंवाकडं करून परत आली. दुष्काळ होता, पाणी खारट झालं होतं. तरी त्यानं नदीला गव्हर्नर राल्फ डार्लिंगचं नाव दिलं. ज्यांची ती हजारो वर्षं होती ते बार्किंजी लोक तिला 'बाका' म्हणतात. बार्किंजी म्हणजेच नदीची माणसं.

अप्पा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. नदी दिसली की लोक हात जोडतात, नाणं टाकतात. अप्पा किती क्युसेक चाललंय याचा अंदाज बांधतात. सिडनीहून दीड दिवस गाडी हाकून मी त्यांना ब्रुवॉरिना गावाला आणलं (इथे वरच्या अंगाला डार्लिंगला बार्वन म्हणतात), तर खाली चहाच्या रंगाचं, जेमतेम सरकणारं पाणी. "उतारच नाही हिला," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. खरंच नाही. पुढच्या बर्क गावापासून थेट मरे नदीला मिळेपर्यंत ती शंभर मीटरही उतरत नाही. मग घाई कशाला करेल? वळसे घेत, रेंगाळत जाते.

ब्रुवॉरिनाला पात्रात दगडांच्या कमानी आहेत, चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या. मासे पकडायचे हे सापळे न्गेम्बा लोकांचे. पाणी चढलं-उतरलं तरी कुठल्या ना कुठल्या कप्प्यात मासा अडकावा अशी वेगवेगळ्या उंचीची रचना. कुठला कप्पा कुठल्या कुटुंबानं सांभाळायचा हे ठरलेलं, आणि आसपासच्या जमातींनाही इथे जेवायचं आवतण. अप्पा काठावर उकिडवे बसले आणि पहिल्यांदा खुलले. "अगं, ही तर आपली फडपद्धत!" धुळ्याच्या पांझरा नदीवरचे बंधारे, पाण्याच्या पाळ्या, गावानं नेमलेले पाटकरी असं सगळं त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितलं. लहानपणी ऐकताना मी झोपायचे. या वेळी गाडी चालवायची असल्यानं जागी होते.

बर्कच्या अलीकडे रस्त्याकडेच्या गवतात पांढरे पुंजके अडकलेले दिसले. अप्पांनी गाडी थांबवायला लावली. कापूस! त्यांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, बाटलीतलं थोडं पाणी टाकून चोळलं. करडा, चिकट गोळा तळहाताला असा चिकटला की निघेना. उन्हात भेगाळणारी, पावसात चपलेला पायलीभर लागणारी खानदेशातल्या काळ्या मातीची ही सख्खी बहीण. इथले मातीचे रस्ते पाऊस पडला की बंद का करतात, हे मला त्यांच्या हाताकडे बघून कळलं.

बर्कपासून खाली तशीच माती, धुरळा आणि गाडीशी शर्यत लावणारे एमू. काठावर मात्र रेड गमची प्रचंड झाडं, मुळं अर्धी हवेत, आणि फांद्यांवर कोरेला पोपटांची अशी कचाकचा भांडणं की चाळीतला नळ आठवावा. टिल्पाच्या पबमध्ये फ्लाइंग डॉक्टर सेवेला देणगी दिली की भिंतीवर नाव लिहू देतात. तिथे आता देवनागरीत 'धुळे' आहे. अप्पांनी स्वतःचं नाव लिहिलं नाही. का, ते विचारलं नाही.

विलकॅनिया हे एके काळी मोठं बंदर होतं, हे आजच्या ओस रस्त्यावर पटत नाही. १८५९ पासून इथे वाफेच्या बोटी यायच्या, लोकरीचे गठ्ठे भरून जायच्या. पाणी ओसरलं की बोट महिनोन्‌महिने चिखलात बसायची, पुढच्या पुराची वाट बघत. पाटाला पाणी सुटायला उशीर झाल्यासारखं अप्पा म्हणाले, "आवर्तन लांबलं."

शेवटी मेनिंडी. १८६० साली रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स या शोधकांची मोहीम इथून उत्तरेला गेली, सोबत कराचीहून बोटीनं आणलेले उंट होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. त्या मोहिमेतला उंटवाला दोस्त महंमद पुढे इथेच राहिला, गावाबाहेर त्याची कबर आहे. पण मेनिंडीचं नाव अलीकडे ऐकू आलं ते माशांमुळे. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये पाण्यातला प्राणवायू संपून इथे लाखो मासे मेले. नदी काठापासून काठापर्यंत पांढरी.

संध्याकाळी गळ टाकून बसलेले एक आजोबा भेटले. आधी हवापाणी, मग गाडी नदीवर आली. वर कापसाला पाणी उपसतात, मोठमोठी तळी भरून ठेवतात, आमच्यापर्यंत काय उरतं, असं ते बोलत राहिले. चार दिवस अप्पांना इथल्या इंग्रजीतला शब्द कळत नव्हता, दर वाक्याला माझ्याकडे बघायचे. आत्ता नाही बघितलं. मान हलवत ऐकत होते, अधूनमधून "टेल, टेल" असं पुटपुटत. चारीच्या टेलच्या, म्हणजे पार शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांकडून तीस वर्षं हेच तर ऐकलं होतं, आणि ऐकून घेणाऱ्या खुर्चीत बसून.

आजोबा थांबले. अप्पा घसा खाकरून माझ्याकडे वळले.

"विचार त्यांना," ते म्हणाले, "लेखी अर्ज दिलाय का?"