दुखते कंबर, अडतो खुबा

गेल्या हिवाळ्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर सातव्या होलला ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) फिरवला आणि कमरेच्या उजव्या बाजूला अशी उसण भरली की चेंडू कुठे गेला हेही मला पाहता आले नाही. ‘साहेब, फेअरवेच्या मधोमध आहे,’ असे माझी बॅग वाहणाऱ्या कॅडीने सांगितले. वर्षभरातला माझा सर्वांत चांगला फटका तोच होता, हे दुःख वेगळेच.

तीन आठवडे विश्रांती, मलम आणि पट्टा एवढे उपचार करून मी परतलो, तेव्हा चौथ्या होलला तीच कळ पुन्हा आली. मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या तरुण मुलीने कमरेकडे पाहण्याआधी मला पालथे झोपवले, दोन्ही गुडघे काटकोनात वाकवले आणि पावले बाहेरच्या बाजूला पडू दिली. उजवे पाऊल सहज खाली गेले, डावे मात्र मध्येच अडकले. कोनमापकावर उजवीकडे ३५ अंश भरले, तर डावीकडे जेमतेम २०. ‘काका, खुब्याचं काम तुमची कंबर करतेय,’ ती म्हणाली.

कमरेचे पाच मणके मिळून फार तर १०-१५ अंश वळतात. स्विंगमधले, म्हणजे फटक्यासाठी काठी फिरवतानाचे, उरलेले वळण खुबे आणि छातीमागचा कणा यांनी पुरवायचे असते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे सारे शरीर फटक्यानंतर डाव्या खुब्यावर फिरते आणि तोच आखडलेला असला, तर तो ताण कमरेवर येतो. आयुष्यभर खुर्चीत बसून नोकरी केलेल्या माझ्यासारख्याचा खुबा आखडला, यात नवल नव्हते. क्लबातले मित्र अशा वेळी हटकून अमेरिकी गोल्फपटू टायगर वूड्सचे नाव काढतात. त्याने २०१७ मध्ये कमरेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०१९ मध्ये मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकली, हे खरे. पण आमच्या कमरेला तेवढा मान देण्याची गरज नसते. मात्र कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावे.

मला मिळालेले व्यायाम दिसायला क्षुल्लक होते: कुशीवर झोपून वरचा हात पुस्तकाच्या पानासारखा मागे उघडणे, पाठीवर झोपून कंबर उचलून धरणे आणि एका पायावर तोल सांभाळणे. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूच्या जुन्या दुखण्यासाठी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली पुरली. तळवा वर ठेवून मनगट डाव्या हाताच्या आधाराने उचलायचे आणि आधार सोडून अगदी सावकाश खाली न्यायचे. स्नायूला बळ येते ते या खाली नेण्यातच. क्लब (गोल्फची काठी) आवळून धरण्याची माझी सवयही तिने सोडवली.

आता पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, मी दहा मिनिटे अंग मोकळे करतो, छोट्या क्लबने अर्धे स्विंग घेतो आणि डाव्या पायाची बोटे थोडी बाहेर वळवून उभा राहतो, म्हणजे खुब्याला फिरायला जागा मिळते. गेल्या महिन्यात डावीकडे ३० अंश भरले. नऊ होल विनातक्रार होतात. अठरा होलच्या पूर्ण खेळाची परवानगी अजून मिळालेली नाही.